घरचे तीन

सिनेमा वाईट आहे हे मला आधी गुडघ्यांत कळतं.

शुक्रवारचा पहिला खेळ, मधली रांग, कडेची खुर्ची. कडेची अशासाठी की पाय पसरता यावेत. सिनेमा चांगला असला की मी पाय कुठे ठेवलेत हे मला आठवतही नाही. वाईट असला की लगेच एक पाय दुसऱ्यावर, मग दुसरा पहिल्यावर, पर्स मांडीवरून खाली, खालून पुन्हा मांडीवर. मध्यंतरापर्यंत किती हलले त्यावरून तारे ठरतात असं सांगितलं तर लोक हसतील. पण मुंबईचे समीक्षक याहून फार वेगळं काही करत असतील असं मला वाटत नाही. आधी आकडा सुचतो, कारणं मागून येतात. ती नीट मांडता आली की त्याला समीक्षा म्हणतात.

मी जळगावच्या एका दैनिकात प्रूफं तपासायचं काम करते. आधी सिनेमाबद्दल एक प्राध्यापक लिहायचे. ते मुलाकडे पुण्याला गेले तेव्हा संपादक माझ्या टेबलाशी आले.

"ताई, तुम्हाला सिनेमा आवडतो का हो?"

"नाही विशेष."

"मग उत्तम. शुक्रवारपासून तुम्ही लिहा."

संपादक माझ्याहून वयानं बराच लहान आहे, पण हे त्याचं बरोबर होतं. सिनेमावर प्रेम असलेला माणूस प्रत्येक सिनेमाला माफ करतो.

आता शनिवारच्या अंकात माझी चौकट असते. वर फोटो, खाली तारे, त्याखाली तीनशे शब्द. मुंबईकरांचे तारे गुरुवारी संध्याकाळीच फोनवर फिरायला लागतात. माझं लिहून होईपर्यंत मी ते उघडत नाही, संपादक मात्र उघडतो. माझा आकडा त्यांच्याहून फार खाली गेला की त्याचा फोन येतो. "ताई, सगळ्यांनी साडेतीन दिलेत हो." मी म्हणते, "सगळ्यांच्या खुर्च्या मऊ असतील." तो हसतो आणि माझं तसंच जाऊ देतो. त्या सिनेमावाल्यांना जळगावात कुणी काय म्हटलं याची खबरही नसते, त्यामुळे तिथे आम्ही फार धीट असतो.

धीटपणा संपतो तो आपल्याकडच्या सिनेमापाशी. गेल्या काही वर्षांत अहिराणी सिनेमे निघायला लागले. कुणी लग्नाचं शूटिंग करणारा, कुणी मास्तर, कुणी मंडपवाला, चार जण मिळून सिनेमा काढतात आणि तो धुळे, जळगाव, फार तर भुसावळला लागतो. या सिनेमांना तीन तारे द्यायचे असतात. हे कुठे लिहिलेलं नाही, प्राध्यापकांच्या आधीपासून चालत आलेलं आहे. दोन दिले तर बाजारात गाठ पडते, चार दिले तर वाचक हसतात. म्हणून तीन. मजकूरही ठरलेला: खान्देशच्या मातीचा सुगंध, कलाकारांनी आपापली कामं चोख केली आहेत, सहकुटुंब एकदा पाहायला हरकत नाही. यासाठी मला गुडघ्यांची गरजच पडत नाही. कार्यालयाखालचा चहावालासुद्धा शनिवारी विचारतो, "ताई, आज खरे तीन की घरचे तीन?"

अशा वेळी धुळ्याहून अक्काचा फोन आला.

अक्का माझी सख्खी मोठी बहीण. धुळ्यात सरकारी कार्यालयात नोकरी केली, निवृत्त झाली, भाऊजी त्यानंतर लवकरच गेले. देवपूरच्या घरात एकटी असते. शेजारच्या सुनेनं गंमत म्हणून तिची फोनवर दोन-दोन मिनिटांची अहिराणी नाटुकली काढायला सुरुवात केली. अक्का त्यांत सासू व्हायची आणि घसा फोडून सुनेवर ओरडायची. ती इतकी चालली की पाचकंदीलला भाजी घेताना लोक तिला "ओ सासूबाई" म्हणून हाक मारायला लागले. मग धुळ्यातल्याच एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं तिला घेऊन पूर्ण सिनेमा काढला. सासू आणि सून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात, अशी गोष्ट.

फोनवर ती म्हणाली, "धाकली, शुक्रवारले पिच्चर लागी ऱ्हायना. तुले येनं पडी. पेपरमां तूच लिहिशी ना?"

"दुसरं कोण आहे?"

"मंग आयक. माले घरना तीन नको देजो. चार दे, एक दे, पन तीन नको."

मी हसले. ती हसली नाही.

तिचा मुलगा पुण्याला असतो. नवरा-बायको दोघं नोकरी करतात, पोर लहान आहे. आईसाठी खोली तयार आहे, असं तो वर्षभर सांगत होता. अक्कानं त्याला सिनेमा लागेपर्यंत थांबवून धरलं होतं. त्या दिग्दर्शकाला पुढचा सिनेमाही तिलाच घेऊन करायचा होता, तोही हो-नाहीसाठी थांबला होता.

"माले हाई काम जमत असी ते मी आठेच ऱ्हासू," ती म्हणाली. "नही जमत असी ते पुन्याले जासू, नातले सांभाळसू. तेबी वाईट नही. पन आठे बठ्ठा लोके वा वा करतस. घरना मानूस खरं सांगत नही. तू सांग."

"मी पण घरचीच आहे."

"तू घरनी कव्हय व्हती?" असं म्हणून तिनं फोन ठेवला. माझ्याबद्दल घरात हेच मत आहे.

तेव्हापासून शुक्रवारपर्यंत मला स्वस्थ बसवेना. मेहरूणच्या तळ्याला मी सकाळी एक फेरी मारते, त्या आठवड्यात दोन मारायला लागले. प्रूफांत चुका राहिल्या. संपादकाला मी आधीच सांगितलं की यात माझी बहीण आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. तो म्हणाला, "कुणाला पाठवू? आणि तीनच तर द्यायचेत, त्याला बहीण काय आणि परकी काय."

धुळ्याला थिएटरबाहेर ढोल लागला होता. मी रिक्षातून उतरते तोच दिग्दर्शकानं हात धरला, "पत्रकार ताई आल्या, पत्रकार ताई आल्या," म्हणत मला पायऱ्यांवर उभं केलं, शाल घातली, नारळ दिला, आणि नको नको म्हणताना डोक्याला फेटा बांधला. अक्का नऊवारी नेसून पेढे वाटत होती. माझा फेटा पाहून ती एवढंच म्हणाली, "व्हई गया का न्यायनिवाडा?"

आत बसले. लगेच मागून आवाज आला, "ओ मावशी, मुंडासं काढा ना, काही दिसत नाही." मी फेटा मांडीवर घेतला. पूर्ण सिनेमाभर तो मांडीवर होता, खाली ठेवायला जागा नव्हती आणि पाय हलवायची सोय नव्हती.

सिनेमा वाईट होता. लग्नाच्या सवयीनं दिग्दर्शक दर थोड्या वेळानं ड्रोन उडवत होता. दोन बायका विहिरीवर भांडताहेत आणि आपण आभाळातून अख्खं गाव बघतोय. ज्यांनी ज्यांनी मदत केली ते सगळे पडद्यावर एकेकदा येऊन नमस्कार करून जात होते. आणि अक्का ओरडत होती. फोनवर दोन मिनिटं मजेचं वाटणारं तिचं ओरडणं तिथे संपतच नव्हतं. लोक मात्र प्रत्येक वाक्याला शिट्ट्या मारत होते, कारण निम्मं थिएटर आमच्या भाऊबंदांचं आणि उरलेलं दिग्दर्शकाच्या.

शेवटाजवळ एक प्रसंग आला. सून निवडून येते. बाहेर गुलाल, ढोल, मिरवणूक दारावरून जाते. सासू उंबऱ्यात सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसलेली असते. ती वर बघत नाही. डाळ पुढे ओढते, खडा काढते, टाकते. एवढंच.

मी फेटा घट्ट धरला होता हे मला नंतर कळलं.

आणि तिथेच पंचाईत झाली. भाऊजींचं तेरावं झाल्यावर पाहुणे निघून जात होते तेव्हा अक्का अशीच बसली होती. तशीच मान, तसेच हात. मग मी पडद्यावर काय पाहिलं? अभिनय, की माझी बहीण? अनोळखी माणसाला त्यात फक्त डाळ निवडणारी बाई दिसली असेल तर? गुडघ्यांना विचारावं तर ते आठवडाभर एका जागी नव्हते. त्यांचं माप त्या दिवशी निरुपयोगी होतं.

खेळ सुटला. बाहेर फोटो चालले होते. अक्कानं गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. मी हातानं "उद्या" असं खुणावलं आणि बाजूच्या गल्लीत शिरले. तिथे एक चहा घेतला, अर्धा टाकला, इकडून तिकडे चालले, आणि परत येऊन तीनच्या खेळाचं तिकीट काढलं. एक सिनेमा मी दोनदा कधीच बघत नाही. पण पहिल्या खेळाला सगळे घरचे होते, मला परके हवे होते.

तीनच्या खेळाला मोजकी माणसं होती. बाजाराला आलेल्या खेड्यातल्या तीन बायका पिशव्यांसकट माझ्या पुढच्या रांगेत बसल्या. एक माणूस सरळ झोपायलाच आला होता. या खेपेला मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त पाहिलं. अक्का ओरडायला लागली की बायका आपसात भावांबद्दल बोलायला लागत, मिरचीच्या भावाबद्दल. ड्रोन उडाला तेव्हा एकीनं पिशवीतून पेरू काढले. मी मनात अर्धा अर्धा तारा कापत चालले होते आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं, कारण आता निदान परकी नजर मिळाली होती. तरी डाळीचा प्रसंग जवळ यायला लागला तशी मी उठून मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. मग पुन्हा येऊन बसले.

मिरवणूक आली. डाळ आली. पुढची एक बाई म्हणाली, "हाई ते आपली मोठी माय शे, देख बरं."

दुसरी म्हणाली, "चूप ऱ्हाय. देखू दे."

पूर्ण खेळात कुणी कुणाला गप्प केलं ते तेवढंच. मला तेवढं पुरलं.

थिएटरच्या कँटीनमध्ये बसून फोनवरच लिहिलं. दोन तारे. ड्रोनबद्दल लिहिलं, नमस्कारांबद्दल लिहिलं. मग लिहिलं: 'सासूचं काम करणाऱ्या बाई सिनेमाभर ओरडतात. फोनवरच्या दोन मिनिटांत तो आवाज चालतो, पडद्यावर कानठळ्या बसतात. पण सुनेची मिरवणूक दारावरून जाते तेव्हा त्या डाळ निवडत बसतात आणि वर बघत नाहीत. या सिनेमात सिनेमा आहे तो तेवढाच, आणि तो या बाईंनी केलेला आहे. त्यांनी पुढेही काम करावं, आवाज घरी ठेवून यावं.' खाली एक ओळ टाकली की या बाई माझ्या सख्ख्या बहीण आहेत, वाचकांनी ते धरून वाचावं.

बस एरंडोलला पोचली नाही तोच संपादकाचा फोन.

"ताई, दोन?"

"दोन."

"आपल्या माणसांना आजवर कुणी दोन दिलेत का?"

"म्हणून तर तीनला किंमत राहिली नाही."

"आणि बहीण आहे हे कशाला लिहायचं?"

"वाचणाऱ्याला कळायला नको?"

"बघतो," तो म्हणाला. बसमध्ये आवाज तुटत होता. 'बघतो' याचा अर्थ काय हे मी त्या वेळी विचारायला हवं होतं.

सकाळी पेपर आला. चौकटीत तीन तारे. खाली खान्देशच्या मातीचा सुगंध, आणि अगदी शेवटी, 'कलाकारांनी आपापली कामं चोख केली आहेत.' माझं एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

अक्काला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तिनं कट केला. मग संपादकाला लावला.

"ताई, तुमच्यासाठीच केलं हो," तो झोपेतून म्हणाला. "सख्ख्या बहिणीला दोन दिले तर लोक तुम्हाला काय म्हणतील?"

"मला म्हणतील ना, तुम्हाला तर नाही? दुरुस्ती छापा."

"तीनचे दोन अशी दुरुस्ती? ताई, जगात कुणी छापली नसेल."

"नसेल छापायची तर पुढच्या शुक्रवारपासून चौकट तुम्ही भरा." मी फोन ठेवला आणि बसस्टँड गाठलं. (दुरुस्ती सोमवारी आली. आतल्या पानावर, निधन वार्तांच्या वर.)

धुळ्याची बस पारोळ्याला बराच वेळ थांबली. ड्रायव्हर चहा घेत होता. मी खाली उतरले, वर चढले, पुन्हा उतरले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बसा ना एका ठिकाणी, तुमच्यामुळे गाडी लवकर निघणार आहे का?" मला वाटत होतं, तीन तारे बघून तिनं पोराला येते म्हणून फोन केला असेल. आणि एकदा हो म्हटलं की अक्का शब्द फिरवत नाही. चाळीस वर्षं सरकारी कागदावर सही केलेली बाई.

दार उघडंच होतं. पलंगावर बॅग उघडी, साड्यांच्या घड्या, नातीसाठी ज्वारीच्या पापडांचा, बिबड्यांचा डबा कापडात बांधलेला. अक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढची साडी झटकली.

"या समीक्षकबाई. आपापलं काम चोख करी ऱ्हायनू मी. दिसत नही का?"

"ते मी लिहिलेलं नाही."

"नाव कोनं शे खाले?"

"नाव माझं. मजकूर बदलला. हे वाच." मी फोन पुढे केला. तिनं घेतला नाही. "अक्का, तूच खरं सांग म्हणालीस ना? मग वाच. नंतर भर बॅग."

तिनं चष्मा शोधला. चष्मा बॅगेत गेलेला होता, तो काढायला दोन साड्या बाहेर आल्या. खिडकीशी जाऊन ती वाचायला लागली. मी खोलीत फेऱ्या मारत होते.

"बस ना व खाले. डोकं फिरी ऱ्हायनं मनं."

मी बसले.

"दोन?" ती म्हणाली.

"दोन."

"खरंच दोन दिनात तू?"

"खरंच."

तिचा चेहरा बदलला. आमच्या भागात दोन तारे कुणा परक्याच्या सिनेमालाच मिळतात, आणि ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पुढे वाचत गेली. "कानठळ्या?"

"हो."

"इतलं?"

"आणखी होतं. जागा पुरली नाही."

तिनं चष्मा नाकावर वर सरकवला. मग डाळीच्या वाक्यापाशी थांबली असावी, कारण बराच वेळ बोट वर सरकलं नाही.

"एक विचारू?" मी म्हटलं. "तिथे तू काम करत होतीस, की नुसती बसली होतीस?"

"म्हंजे?"

"भाऊजींच्या वेळी तू अशीच बसली होतीस."

अक्कानं चष्मा काढला. "त्या दिग्दर्शकले रडू पाहिजे व्हतं. म्हने, हरनी ना सासू, मंग रडाले नको? मी सांगं, भाऊ, रडनी ते खडा कसा दिसी? तो म्हने, ग्लिसरीन लावू. मी सांगं, मंग डाळ उचली ले, मी नुसती रडस. दोन्ही एकदम व्हनार नही. बाईमानूस डाळ निवडताना रडत नही. दिवसभर भांडनात आम्ही त्यावर."

"आणि भाऊजींची आठवण?"

"उनी ना. म्हनीसन ते वर देखं नही."

म्हणजे आठवण आली होती, तरी ठरवून. वर बघायचं नाही हे तिनं ठरवलं होतं, भांडून ठरवलं होतं, आणि दिग्दर्शकाला ते मान्य करायला लावलं होतं. काल मी ज्या प्रश्नासाठी तिकीट काढून दुसरा खेळ बसले त्याचं उत्तर डाळ निवडणाऱ्या बाईला सरळ विचारता आलं असतं. पण आम्ही समीक्षक तसं विचारत नाही. अंधारात बसून ठरवतो.

"त्या दोनमां मना कितला?" तिनं विचारलं.

"असे वाटून देत नाहीत."

"तरी."

"डाळीचा एक तुझा. ओरडण्याचा अर्धा कापलाय."

"म्हंजे अर्धा." तिनं मनाशी हिशेब केल्यासारखी मान हलवली. "अर्धा बी चांगला. आवाज कमी करता येस. ते मना हातमां शे." मग बिबड्यांचा डबा कापडातून सोडवला, माझ्यासमोर ठेवला आणि पोराला फोन लावला. ती फोनवर नेहमी स्पीकर लावून बोलते.

"आई, निघालीस का? स्टँडवर घ्यायला येतो मी."

"नही निंघनू. दिवाळीले येसू. ऱ्हाव्हाले नही."

"का? आज सकाळी तर हो म्हणालीस ना?"

अक्का खोकली. शब्द फिरवायची तिला सवय नव्हती. "ते तीनवर म्हनं व्हतं. आते दोन भेटनात."

"दोन? पाचपैकी दोनच?" मुलाचा आवाज एकदम मऊ झाला. "मग तर आई ये ना इकडे. मनाला लावून घेऊ नको. एकटी नको राहू तिथे."

अक्कानं फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पुन्याले ऱ्हाईसन याले काहीच समजत नही," ती म्हणाली, आणि त्याला पहिल्यापासून समजावून सांगायला लागली.